पाळक घडवणारी शाळा: आफ्रिकेतले ल्यूथरन मिशनरी नेमकं करतात तरी काय?

२०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस गेले. पुढचे काही आठवडे एक वाक्य सारखं कानावर येत होतं: ख्रिस्ती धर्माचा भार आता युरोपातून आफ्रिकेकडे सरकतोय. चर्चा अर्थातच कॅथलिकांची होती. त्याच दिवसांत एका मित्राने मला विचारलं, "आफ्रिकेत एवढे ख्रिस्ती आहेत, मग तिकडे अजून मिशनरी कशाला जातात? बाटवायला आता उरलंय कोण?"

प्रश्न जरा आगाऊ होता, पण रास्त होता. कारण 'मिशनरी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: गळ्यात क्रूस, हातात पुस्तक, समोर गावकरी. आज आफ्रिकेत जाणारे ल्यूथरन मिशनरी बघितले तर त्यांतले बरेच जण वर्गात फळ्यासमोर उभे असतात आणि हिब्रू क्रियापदं चालवून दाखवत असतात. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांचे आजोबाच ख्रिस्ती होते. बाटवायचं कुणाला? इथे प्रश्न वेगळाच आहे. माणसं भरपूर झाली आणि पाळक, म्हणजे धर्मगुरू, कमी पडले, त्याची ही गोष्ट आहे.

ल्यूथरन म्हणजे कोण?

जर्मनीतल्या विटेनबर्ग गावात १५१७ साली मार्टिन ल्यूथर या साधूने चर्चच्या कारभाराविरुद्ध ९५ मुद्दे मांडले आणि त्यातून पुढे प्रोटेस्टंट पंथ निघाले. त्याला मानणारे ते ल्यूथरन. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तारण (म्हणजे उद्धार) कर्माने मिळत नाही, देवाच्या कृपेने मिळतं, आणि ती कृपा बायबलमधून कळते, म्हणून बायबल लोकांच्या बोलीत असलं पाहिजे. ज्ञानेश्वरांनी गीतेचं जे केलं, साधारण तीच ओढ. अर्थात ही तुलना इथेच थांबवलेली बरी, पुढे ती लंगडते.

ल्यूथर जर्मनीचा असला तरी जगभरच्या ल्यूथरन मंडळ्यांचा (मंडळी म्हणजे इथे चर्चची संघटना) जो महासंघ जिनिव्हात आहे, त्यातली सगळ्यांत मोठी मंडळी आज इथिओपियात आहे. तिचं नाव मेकाने येसूस, म्हणजे 'येशूचं स्थान', आणि सदस्य एक कोटीच्या वर. टांझानियाची मंडळीही त्याच रांगेत, जगातल्या अगदी मोठ्यांपैकी एक.

पाळक नसला तर अडतं काय?

आपल्याकडे 'पाद्री' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. पण मराठी ख्रिस्ती घरांत प्रोटेस्टंट धर्मगुरूला 'पाळक' म्हणतात, जवळिकीने 'पाळकसाहेब'. मेंढरं राखणारा तो पाळक. गंमत म्हणजे स्वाहिलीत हाच शब्द आहे: म्चुंगाजी. कुचुंगा म्हणजे गुरं राखणं, आणि ती राखणारा तो म्चुंगाजी. मसाई माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, त्याचा सगळा दिवस त्यातच जातो.

या पाळकाशिवाय ल्यूथरन मंडळीची एक मोठी अडचण होते. १५३० साली ल्यूथरनांनी आपली श्रद्धा एका दस्तऐवजात लिहून काढली, त्याला आउग्सबुर्गचा जाहीरनामा म्हणू. त्यात म्हटलंय की ज्याला रीतसर बोलावणं नाही, त्याने मंडळीत जाहीरपणे शिकवू नये आणि संस्कारही देऊ नयेत. मुख्य संस्कार दोन: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं. बाप्तिस्म्याला अडीनडीची सवलत आहे, प्रभुभोजनाला सहसा दीक्षा झालेला पाळकच लागतो.

आपल्या खेड्यातली आरोग्यव्यवस्था आठवा. आशाताई रोज दारात येतात, गोळ्या देतात, बाळाचं वजन करतात. गाव चालतं ते त्यांच्यावर. पण शस्त्रक्रियेला डॉक्टरच लागतो. टांझानियाच्या खेड्यांत आशाताईंच्या जागी आहे सुवार्तिक, म्हणजे सुवार्ता (येशूचा संदेश) सांगणारा, थोडंफार प्रशिक्षण घेतलेला स्थानिक माणूस. रविवारची उपासना तो घेतो, आजाऱ्याकडे जातो, मयतीला उभा राहतो. पाळकाकडे मात्र अशी अनेक ठिकाणं असतात. तो येईल त्या रविवारी प्रभुभोजन, नाही आला तर पुढच्या खेपेला. मंडळ्या भराभर वाढल्या तर अडचण कुठे होणार ते यावरून कळतं. इमारत गावकरी उभी करतात, गाणारे घरातच असतात. पाळक तयार व्हायला मात्र वर्षं जातात.

किलिमांजारोच्या उतारावर

आता एक ठिकाण धरून बोलू. उत्तर टांझानियात अरुशा आणि मोशी या शहरांच्या मध्ये, मेरू पर्वताच्या पायथ्याशी, उसा रिव्हर गावाजवळ मकुमिरा आहे. तिथली शाळा १९४७ साली उसांबारा डोंगरातल्या ल्वांडाईत सुरू झाली आणि १९५४ मध्ये मकुमिराला आली. आज ते तुमाईनी विद्यापीठ आहे (तुमाईनी म्हणजे आशा) आणि तिथे कायदा, शिक्षणशास्त्र, संगीत असे विषयही चालतात. मूळ काम मात्र पाळक घडवण्याचंच.

शाळा निघाली १९४७ मध्ये, पण जर्मनीच्या लाइपझिग मिशनचे लोक किलिमांजारोच्या चाग्गा लोकांत आले होते १८९३ मध्येच. तेव्हा तो मुलूख जर्मन पूर्व आफ्रिका होता. पुढे १८९६ मध्ये मेरूच्या पायथ्याशी ठाणं मांडायला गेलेले एवाल्ड ओव्हिर आणि कार्ल सेगेब्रोक हे दोन तरुण मिशनरी तिथेच मारले गेले. मेरूच्या लोकांच्या दृष्टीने हे दोघे आणि जर्मन फौज यांच्यात फारसा फरक नव्हता, आणि तो दिसावा अशी परिस्थितीही नव्हती.

यानंतर जे घडलं ते कुणीच ठरवून केलेलं नव्हतं. पहिलं महायुद्ध झालं, मुलूख इंग्रजांकडे गेला आणि १९२० मध्ये जर्मन मिशनऱ्यांना बोटीत बसवून परत पाठवलं. मंडळ्या उघड्या पडल्या. त्या टिकवल्या स्थानिक शिक्षकांनी आणि वडीलधाऱ्यांनी. मदतीला अमेरिकेतले स्वीडिश वंशाचे ल्यूथरन आले. जर्मन परतले, तोवर दुसरं महायुद्ध, पुन्हा अटक, पुन्हा तेच. एका पिढीत दोनदा मास्तर वर्गातून उठून गेला आणि दोन्ही वेळा वर्ग चालू राहिला. चाग्गा मुलखातल्या पहिल्या स्थानिक पाळकांना दीक्षा मिळायला १९३० चं दशक उजाडलं, म्हणजे जवळजवळ चार दशकं. हा उशीर मला मिशनच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा दोष वाटतो. ज्यांनी संकटात मंडळी सांभाळली, त्यांना सही करायचा अधिकार द्यायला इतकी वर्षं लागावीत?

त्यानंतर मात्र वेग आला. सात वेगवेगळ्या ल्यूथरन मंडळ्या १९६३ मध्ये एकत्र येऊन टांझानियाची एक मंडळी झाली आणि तिचे पहिले प्रमुख स्थानिकच होते, किलिमांजारोचे स्टेफानो मोशी. पुढे १९७७ मध्ये ल्यूथरन महासंघाचं महाअधिवेशन दार-एस-सलामला भरलं आणि बुकोबाचे बिशप जोसिया किबिरा महासंघाचे पहिले आफ्रिकी अध्यक्ष झाले.

जाता जाता एक किस्सा. याच भागात काम करणारे रिशार्ड रॉइश हे मिशनरी किलिमांजारोवर कितीतरी वेळा चढले. १९२६ मध्ये त्यांना शिखराजवळ बर्फात गोठलेला बिबट्या दिसला. शिखरावरच्या एका विवराला आजही त्यांचं नाव आहे. व्याकरण शिकवणारे सगळेच रुक्ष असतात असं नाही.

वर्गात शिकवतात काय?

मकुमिराच्या एखाद्या विद्यार्थ्याची भाषांची थैली उघडून बघा. घरात चाग्गा, मेरू, हाया किंवा मसाई. बाजारात, शाळेत, चर्चमध्ये स्वाहिली. महाविद्यालयात इंग्रजी. त्यावर ग्रीक आणि हिब्रू, कारण बायबल मुळात त्या भाषांत आहे. पाच भाषांची ही कसरत संपली की तो गावी जाणार आणि तिथे आजीच्या मयतीला आजीच्याच भाषेत बोलणार. आपल्याकडे आळंदीला १९१७ साली जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे मुलं वर्षानुवर्षं गाथा, ज्ञानेश्वरी, संस्कृत घोकतात आणि मग कीर्तनाला उभी राहतात ती साध्या मराठीत. कष्ट पडद्यामागे, समोर बोली. पाळकाचंही तसंच.

मग या विषयाला 'ईश्वरविज्ञान' असं जड नाव का? नावावर जाऊ नका. 'आपण देवाबद्दल जे बोलतो ते कशाच्या आधारावर?' हा प्रश्न शिस्तीने विचारणं म्हणजे ईश्वरविज्ञान.

एक उदाहरण जवळून बघू. प्रभूच्या प्रार्थनेत ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ भाजलेला पाव. मराठी बायबलमध्ये आपण म्हणतो, 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे'. नगर-बीडकडच्या माणसाने पाव मागितला असता तर देवालाही चुकल्यासारखं वाटलं असतं. किलिमांजारोवर भाकरीही नाही, तिथे केळी आणि मक्याचा उगाली. स्वाहिली बायबलमध्ये शब्द आहे 'रिझिकी'. ओळखीचा वाटला ना? उर्दूतला 'रिज़्क' तोच, अरबीतून दोन्हीकडे गेलेला. अर्थ: रोजची मिळकत, देवाने नेमून दिलेला वाटा. आता विद्यार्थ्याने ठरवायचं की 'रिझिकी' म्हटल्यावर पावापेक्षा काय जास्त आलं आणि काय निसटलं. ल्यूथरने आपल्या लहान प्रश्नोत्तरीत १५२९ मध्येच लिहून ठेवलं होतं की 'रोजच्या भाकरीत' घर, शेत, गुरं, चांगलं सरकार, चांगले शेजारी हे सगळं येतं. म्हणजे स्वाहिली शब्द ल्यूथरला पटला असता. हा निष्कर्ष फळ्यावर लिहून देता येत नाही, वर्गात वाद घालूनच तिथे पोचावं लागतं.

असे वाद रोजचे. दोन बायकांचा नवरा बाप्तिस्मा मागायला आला तर दुसरीला वाऱ्यावर सोडायचं का? पूर्वजांना मान देणं कुठे संपतं आणि पूजा कुठे सुरू होते? शेजारी मुसलमान आहे आणि नातेवाईकही आहे, तर लग्नात बसायचं कसं? युरोपातल्या पुस्तकांत याची तयार उत्तरं नाहीत. जर्मन मिशनरी ब्रुनो गुटमान १९०२ पासून चाग्गा लोकांत राहिला. कुळ, शेजार, एका वयाच्या तरुणांचे गट या चाग्गा रचनांवरच मंडळी उभारावी, असं त्याचं म्हणणं. त्याच्यावर टीकाही झाली की हा माणूस लोकांना जुन्या चौकटीतच कोंडून ठेवतोय. मला दोन्ही बाजूंत दम वाटतो. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग-ओव्या रचून आणि कीर्तनं करून हाच गुंता आपल्या परीने सोडवला. फरक एवढाच की टिळकांना ते घरचंच होतं, गुटमानला शिकून घ्यावं लागलं.

'एवढं हिब्रू-ग्रीक कशाला? भक्ती असली की झालं'

हा आक्षेप आफ्रिकेतही ऐकू येतो, आणि पोटतिडकीने. गावाला पाळक हवाय आणि तुम्ही पोराला हिब्रूची रूपं पाठ करायला लावताय! त्यावर एक मधला मार्गही आहे: विद्यार्थी गावातच राहून, पुस्तकं आणि अधूनमधून भरणारे वर्ग यांच्या आधाराने शिकतो. ही पद्धत १९६३ मध्ये ग्वाटेमालात सुरू झाली आणि आफ्रिकेतही पसरली.

तरीही पूर्ण शिकलेला पाळक लागतो. कारण बाजारात आता दुसरा माल आलाय. त्याला 'समृद्धीची सुवार्ता' म्हणतात: श्रद्धा ठेवा, दान द्या, देव तुम्हाला पैसा आणि निरोगी शरीर देईल. मोठे लाऊडस्पीकर, मोठी गाडी, आणि बरं नाही झालात तर दोष तुमच्या श्रद्धेचा. आपल्याकडच्या बुवाबाजीची सवय असलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही. अशा वेळी बायबलमधली ओळ तोडून दाखवणाऱ्याला 'याच्या आधीची आणि नंतरची ओळ वाचा' असं म्हणू शकणारा माणूस गावात असावा लागतो. ल्यूथरने १५२४ मध्ये नगरपित्यांना लिहिलेल्या पत्रात भाषांना म्यान म्हटलं होतं, ज्यात आत्म्याची तलवार राहते. म्यान हरवलं की तलवार कुणाच्याही हाती लागते.

'पैसे गोऱ्यांचे, मग सूत्रंही त्यांचीच'

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. आधी पैशाचा ओघ बघू. किलिमांजारोच्या बाजूला रविवारची उपासना संपली तरी लोक घरी जात नाहीत, अंगणात जमतात. कुणी केळ्यांचा घड आणलेला असतो, कुणी अंडी, ऊस, पाय बांधलेली कोंबडी. हेच त्यांचं दान. मग लिलाव होतो, स्वाहिलीत 'म्नादा'. बोली वाढते, हशा होतो, कोंबडी ओरडते, पैसे मंडळीच्या पेटीत जातात. नगर जिल्ह्यातल्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला हा लिलाव पाहिलेल्यांना हसू येईल. आमच्याकडे तर घेणारा भोपळा पुन्हा दान करतो आणि एकच भोपळा तीनदा विकला जातो. तर मंडळीचा रोजचा खर्च आणि पाळकाचा पगार मुख्यत्वे अशा दानातून निघतो. पण ग्रंथालय, वसतिगृह, एखाद्याची डॉक्टरेट हे कोंबडीच्या लिलावातून होत नाही. तिथे जर्मनी, स्वीडन, फिनलंड, अमेरिकेचे पैसे येतात.

त्या पैशाबरोबर मतंही येतात. इथिओपियाच्या मेकाने येसूसने १९७२ मध्ये महासंघाला एक खडखडीत पत्र लिहिलं. त्या वेळी सरचिटणीस होते गुदिना तुमसा. तक्रार अशी: तुम्ही दवाखाने, शाळा, विहिरी यांना पैसे देता, पण सुवार्ता आणि मंडळीच्या कामाला हात आखडता घेता. माणूस तुमच्यासाठी दोन तुकड्यांत वाटलेला असेल, आमच्यासाठी तो एकच आहे. पुढे १९७९ मध्ये लष्करी राजवटीने तुमसांना पळवून ठार मारलं.

आणि सूत्रं? टांझानियाच्या बिशपांनी २०१० मध्ये दोदोमा इथून समलिंगी विवाहाविरुद्ध निवेदन काढलं आणि त्याला पाठिंबा देणाऱ्यांचा पैसाही नको असं कळवलं. इथिओपियाने २०१३ मध्ये याच कारणाने स्वीडनच्या आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या ल्यूथरन मंडळीशी नातं तोडलं. या भूमिकेशी मी सहमत नाही. पण ज्यांना बाहुल्या म्हणायचं, त्या अशा दोऱ्या कापत नाहीत. उलट स्त्रियांना पाळकपद देण्याबाबत टांझानियाने १९९० च्या दशकात आणि इथिओपियाने २००० पर्यंत होकार दिला. मादागास्करची मोठी ल्यूथरन मंडळी अजून देत नाही. प्रत्येकीचा निर्णय तिचा.

शाळेतून बाहेर काय पडतं

पाळकांची शाळा म्हणजे फक्त उपदेश शिकवणारी जागा, असं वाटत असेल तर नामिबियाकडे बघा. तिथे फिनलंडच्या आणि जर्मनीच्या ऱ्हाइन भागातल्या मिशनांनी रुजवलेल्या मंडळ्या होत्या आणि त्यांची संयुक्त शाळा होती ओत्यिंबिंग्वे इथलं पाउलिनुम. देशावर दक्षिण आफ्रिकेचं वर्णद्वेषी राज्य. १९७१ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा ताबा बेकायदा असल्याचं मत दिलं. पाउलिनुमच्या विद्यार्थ्यांनी ते वाचलं, चर्चा केली आणि आपल्या मंडळ्यांच्या पुढाऱ्यांना गप्प बसू दिलं नाही. त्यातून बिशप लिओनार्ड आउआला आणि पाउलुस गोवासेब यांचं पंतप्रधान फोर्स्टर यांना उघडं पत्र निघालं. मंडळ्यांमध्ये ते वाचून दाखवलं गेलं. दोन वर्षांनी ओनीपा इथला मंडळीचा छापखाना स्फोटात उडवला गेला. छापखाना कुणाला खुपत होता, हे सांगायची गरज नाही.

'मग परदेशी मास्तर अजून का?'

यावरही भांडण होऊन गेलंय. केनियाचे प्रेस्बिटेरियन चर्चपुढारी जॉन गाटू यांनी १९७१ मध्ये सरळ सांगितलं, तुमची माणसं आणि पैसे काही काळ थांबवा, आम्हाला आमच्या पायांवर उभं राहू द्या. आफ्रिकी चर्चच्या परिषदेने १९७४ मध्ये लुसाकात ही मागणी उचलून धरली. खरं तर विचार जुना होता. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, प्रसारही स्वतः करावा, हे सूत्र मांडणाऱ्यांपैकी एक अमेरिकन मिशन मंडळाचे सचिव रूफस अँडरसन. हेच अँडरसन १८५४-५५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम तपासायला आपल्याकडे आले होते आणि इंग्रजी शाळांपेक्षा मराठीतलं शिक्षण व देशी पाळकांच्या मंडळ्या यांवर भर द्या, असं सांगून गेले होते. गाटूंनी मागितलं ते बोस्टनच्या या गृहस्थाने शतकभर आधी कबूल केलेलंच होतं.

आज परदेशी शिक्षक जातो तो बोलावल्यावर. ठरावीक मुदत, प्राचार्य स्थानिक, अभ्यासक्रम स्थानिक. गेल्यावर आधी काही महिने त्यालाच स्वाहिलीच्या वर्गात बसावं लागतं, आणि मुलं हसली तर हसून घ्यावं लागतं. तो मुख्यतः अशा विषयांना लागतो ज्यांत डॉक्टरेट झालेले लोक अजून मोजके आहेत. त्याच्या हाताखालचा कुणी हुशार विद्यार्थी पुढे शिकायला बाहेर जातो. तो परत आला की वेळापत्रकात हिब्रूच्या तासापुढचं नाव बदलतं. मास्तर बॅग भरतो. विमानाच्या वजनात न बसणारी पुस्तकं ग्रंथालयात ठेवतो, आणि पहिल्या पानावरचं आपलं नाव खोडायचं की राहू द्यायचं, एवढंच काय ते ठरवायचं उरतं.